उघडी राहिलेली बैठक

सकाळी दहाच्या ठोक्याला त्रिशलाबाई मगदूम म्हशी विसरत आणि संध्याकाळी सहाला त्यांना त्या पुन्हा आठवत. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्यांच्या सोसायटीत याचं कुणाला काडीचंही नवल नव्हतं. तळमजल्यावरचे निवृत्त लेखापरीक्षक बर्गे त्याच वेळात बेरीज विसरायचे आणि दारावरच्या भाजीवाल्याकडून हसतमुखानं फसवून घ्यायचे. समोरच्या घरातल्या शैलजाताई कोर्टात दुभाषी होत्या. त्या दिवसभर कानडी विसरायच्या, म्हणून धारवाडच्या बहिणीशी फोनवर बोलणं व्हायचं ते सहानंतरच. सहा वाजले की जिन्यात एकमेकांना विचारायची पद्धतच पडली होती, "आली का जाण?" "आली बाबा, आत्ताच आली."

माणूस निवृत्त झाला की त्याची जाणही त्याच्याबरोबर घरी जाते, ही कचेऱ्यांची फार जुनी रड. नियम लिहून ठेवता येतात. पण पंचवीस-तीस वर्षं एकच काम करून जे अंगात मुरतं, ते कागदावर उतरत नाही. भाजीची कृती लिहून घेता येते, हाताची चव घेता येत नाही. मेंदूतले ते बारीक बंध शास्त्रज्ञांना वाचता यायला लागले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काय, काढा पाहिजे तेवढ्या प्रती. पण पुंजभौतिकीचा एक हट्टी नियम आडवा आला. अगदी सूक्ष्म पातळीवर पदार्थाची जी स्थिती असते, तिची हुबेहूब नक्कल करता येत नाही. ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेता येते, एवढंच. आणि नेली की मूळ जागी ती उरत नाही.

म्हणून नक्कल निघेना, पण जाण उसनी नेता येऊ लागली. कानामागे मसुराएवढी टिकली चिकटवायची. सकाळी कचेरीतला संगणक त्या टिकलीवाटे जाण ओढून घेई, दिवसभर तिच्याकडून काम करून घेई आणि संध्याकाळी परत पाठवी. याचा जो करार होई त्याला कायदा 'जाण-परवाना' म्हणे आणि रोजच्या दहा ते सहाच्या जोडणीला कचेरीतली माणसं 'बैठक' म्हणत. एका परवान्यावर एकच बैठक. जाण एक तर कचेरीत, नाही तर घरी.

त्रिशलाबाईंची जाण म्हशींची होती. म्हणजे त्या काही गोठ्यात नव्हत्या. 'पंचगंगा पशुविमा' नावाच्या कंपनीत त्या दावे तपासायच्या. म्हैस मेली म्हणून अर्ज आला की तो वाचता वाचता बाईंना कळायचं, ही म्हैस खरंच गेलीय की अजून दोन्ही वेळा दूध देतेय. कसं कळतं विचारलं तर म्हणायच्या, "दुःख झालेला माणूस एवढं नीट लिहीत नाही हो." हे कुठल्या यंत्राला शिकवणार? कंपनीनं त्या निवृत्त झाल्या त्याच महिन्यात परवाना करून घेतला. त्या हसून म्हणाल्या होत्या, "म्हशीच्या कानाला बिल्ला, तसा माझ्या कानाला." त्यालाही सात वर्षं होऊन गेली.

त्यांचे यजमान अभिनंदन मगदूम त्याच कंपनीत होते, मुख्य कचेरीच्या संगणक विभागात. त्यांच्या जाणेला मात्र गिऱ्हाईक मिळालं नाही. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायची जाण आता कुणाला हवीय? "माझं सगळं माझ्यापाशीच आहे," असं ते मोठ्या ऐटीत सांगायचे, पण आतून त्यांना ते लागलेलं होतं. दिवसभर बायको खिडकीशी बसून गहू निवडायची, गाणी ऐकायची, यांच्याशी चार गोष्टी बोलायची. पण कचेरीचा विषय काढला की परक्यासारखी बघायची. मग मगदूम सहाची वाट बघायचे. सूर्य बुडायच्या आत जेवायचं, हा दोघांच्याही घरचा जुना रिवाज. सहाला जाण यायची, लगेच पानं मांडली जायची आणि जेवता जेवता दोघांच्या तरुणपणातल्या, गडहिंग्लजच्या शाखेतल्या गोष्टी निघायच्या. दिवसातला तेवढाच अर्धा तास मगदुमांना आपण अजून कुणीतरी आहोत असं वाटायचं.

एके दिवशी कंपनीतून व्यवस्थापक यशराज सरनोबत यांचा फोन आला. पोरगा तिशीतला, पण अदबीनं बोलणारा.

"काका, जरा येऊन जाता का? मॅडमच्या बैठकीत बिघाड आहे. परवाना नव्यानं करायचाय, त्याआधी हे निस्तरायला पाहिजे. आमच्या पोरांना काही उमगेना."

"होतंय काय?"

"रोज दुपारी एक वाजला की बैठक गोठते. अर्धा तास काम बंद. दीड वाजले की आपोआप सुरू. आणि दुसरं म्हणजे बैठकीमागे एक अशी जी लायसन असतात ती मोकळी होत नाहीत. संध्याकाळी सगळ्या बैठका बंद करतो, तरी यंत्र म्हणतंय सगळी वापरात आहेत."

मगदुमांनी कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढला. किती वर्षांनी कुणी त्यांना बिघाड दाखवायला बोलावत होतं.

शाहूपुरीतली कचेरी ओळखू येत नव्हती. पूर्वी जिथं फायलींची कपाटं होती तिथं आता नुसते पडदे होते आणि प्रत्येक पडद्यावर कुणा निवृत्त माणसाचं काम आपसूक चाललेलं. प्राजक्ता नावाची मुलगी सगळ्यावर देखरेख करायची. मगदुमांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला तो त्यांनी नोकरीत हजारदा विचारलेला.

"संध्याकाळी बैठक बंद कशी करता?"

"अशी," ती म्हणाली, आणि पडद्यावरच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातल्या फुलीकडे तिनं बोट केलं.

मगदुमांनी कपाळाला हात लावला. "अगं पोरी, फुली मारली की खिडकी बंद होते, बैठक नाही. तू दार ओढून निघून जातेस आणि माणूस आत बसलेलाच राहतो. लॉग ऑफ करायचं असतं. आतून निरोप घ्यायचा. या एका गोष्टीवरून मी अख्ख्या जिल्ह्याशी भांडलोय."

"पण काका, जाण घरी जातेच की."

"बरीचशी जाते. सगळी जात असती तर लायसन मोकळं झालं असतं."

हाताला हे चुकीचं वळण कुठून लागलं ते मगदुमांना पक्कं ठाऊक होतं. साध्या रिमोट जोडणीच्या काळातही हेच चालायचं. एका गावात बसून दुसऱ्या गावातल्या कॉम्प्युटरवर काम करायचं, त्याला रिमोट म्हणत. संध्याकाळी घाईत प्रत्येकजण फुली मारून पळायचा, मागे बैठक तशीच उघडी, लायसन अडकलेलं. दुसऱ्या दिवशी बोंब व्हायची. यंत्रं बदलली, टिकल्या आल्या, पण फुली मारून एस.टी. गाठायची कचेरीची सवय काही सुटली नाही.

एक वाजला. त्रिशलाबाईंच्या पडद्यावरचे दावे थांबले. मगदुमांनी प्राजक्ताला बाजूला व्हायला सांगितलं आणि बैठकीच्या आत डोकावायची सोय होती ती चालू केली. आत त्यांना एक जुनापुराणा डेस्कटॉप दिसला. हिरवी टेकडी, निळं आभाळ, डाव्या बाजूला ओळीनं चित्रं. आणि मधोमध नोटपॅड उघडं. कोऱ्या पानावर एकच ओळ होती.

"मगदूम सर, जेवलात का?"

मगदूम खुर्चीत मागे टेकले. प्राजक्ता विचारत होती, काका, बरं वाटत नाही का, पाणी आणू का. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. ती तिच्या जागेवर गेल्यावर त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला आणि लिहिलं, "जेवलो. तुम्ही?"

"आत्ताच. मेथी होती. आज उशीर केलात."

आता हे काय प्रकरण, ते सांगायला हवं. लग्नाआधीची त्रिशला चौगुले गडहिंग्लजच्या शाखेत नव्यानं लागली होती तेव्हाची गोष्ट. शाखेत तीन माणसं: ती, तिला काम शिकवणारे तात्या हेर्लेकर आणि शिपाई गणपा. तिथला कॉम्प्युटर आठवड्यातून दोनदा रुसायचा आणि कोल्हापूरहून मगदूम तो रिमोटनं जोडून दुरुस्त करायचे. पहिल्यांदा जोडला तेव्हा आपोआप फिरणारा माउस बघून गणपानं सरळ मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. शाखेत फोन एकच, तोही आठवड्यातून एकदा येणाऱ्या साहेबांच्या खोलीत कुलपात. मग सूचना द्यायच्या कशा? मगदुमांनी नोटपॅड उघडून लिहिलं, "चौगुले मॅडम, माउसला हात लावू नका." खालच्या ओळीत उत्तर आलं, "लावला नाही. लिंबाला लावलाय."

रिमोट दोन तऱ्हेचं असायचं. एका तऱ्हेत इकडून जोडलं की तिकडच्या माणसाचा पडदा बंद व्हायचा. दुसऱ्यात दोघांनाही एकच पडदा दिसायचा. मगदूम सगळ्या शाखा पहिल्या तऱ्हेनं जोडायचे, गडहिंग्लज तेवढी दुसऱ्या. बिघाड नसला तरी दुपारी एकला जोडायचे. डबा खाऊन झालेला असे, तात्या बाकावर आडवे झालेले असत आणि त्या पांढऱ्या पानावर दोन गावांतली दोन माणसं अर्धा तास बोलत. पान कधी जतन केलं नाही. दीडला सगळं पुसायचं. पुढं लग्न झालं, दोघं कोल्हापुरात आली, सगळं रीतसर झालं. पण त्या अर्ध्या तासासारखं मगदूम पुन्हा कधी कुणाशी बोलले नाहीत, बायकोशीसुद्धा नाही.

म्हणजे बिघाड काहीच नव्हता. एक वाजला की ती त्यांची वाट बघत थांबत होती.

सरनोबतांना मगदुमांनी खरं सांगितलं नाही. म्हणाले, "जुनी सवय जाणेत मुरलीय. कुणीतरी एकला येऊन दोन शब्द लिहायला हवेत, मग काम अडत नाही. मी येत जाईन." आणि ते जाऊ लागले. रोज. सकाळपासून तयार व्हायचे, दाढी करायचे. बायको खिडकीशी बसून विचारायची, "कुठं निघालात एवढं नटून?" तर म्हणायचे, "कचेरीत काम आहे." हे खोटं नव्हतं. तरी जिना उतरताना त्यांना दुसऱ्याच कुणाकडे निघाल्यासारखं वाटायचं.

काय काय बोलायची ती. गणपाच्या पोरीचं लग्न ठरलं. हिरण्यकेशीला पाणी वाढलंय. "तात्या आत्ता मला हसतायत, म्हणतात कोल्हापूरचा बिघाड आला वाटतं." मगदुमांना भरून यायचं. तात्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि इथं ते बाकावर आडवे होऊन चेष्टा करत होते. आठवणीतली माणसं मरत नाहीत म्हणतात ते असं, असं त्यांना वाटलं. त्या अर्ध्या तासात ते पुन्हा पंचविशीचे व्हायचे. गुडघेसुद्धा दुखायचे नाहीत.

पावसाळा संपत आला तेव्हा एका संध्याकाळी जेवताना त्यांनी सहज गणपाच्या लिंबाची गोष्ट काढली. ही गोष्ट त्रिशलाबाई त्यांच्याहून रंगवून सांगायच्या.

त्या म्हणाल्या, "कुठलं लिंबू?"

"अगं, मॉनिटरला बांधलेलं. गडहिंग्लजला."

"गडहिंग्लजला मी होते ते आठवतंय. लिंबाचं काही आठवत नाही बाई." मग ताटाकडे बघत त्यांनी विचारलं, "अहो, आपलं लग्न जमवलं कुणी? माझ्या मामानं का?"

बाहेर अजून उजेड होता. सहा कधीच वाजून गेले होते. जाण घरी आलेली होती, निदान यायला हवी होती. मगदुमांनी हातातला घास ताटात ठेवला.

डॉक्टर रेवती अंकलीकर यांनी कोल्हापुरातल्या बहुतेक टिकल्या बसवल्या होत्या. विद्यापीठातली त्यांची खोली कागदांनी भरलेली. मगदुमांनी त्यांना सगळं सांगितलं, नोटपॅडसकट. सांगताना मान वर केली नाही.

"मगदूम, तुम्ही रोज तिच्याशी बोलत होता?"

"हो."

"अहो, त्यानंच झालं. बघा, जाण म्हणजे लोकरीचा गुंडा धरा. सकाळी यंत्र तो उलगडत तिकडे ओढतं, संध्याकाळी परत गुंडाळून पाठवतं. पण फुली मारल्यावर शेवटचं टोक तिकडेच अडकून राहतं. ते सगळ्यात आतलं टोक, म्हणजे सगळ्यात जुनं. काम पहिल्यांदा शिकलं त्या दिवसांतलं."

"म्हणून ती गडहिंग्लजला आहे."

"म्हणून. एरवी ते टोक तिथं मुकाट पडून राहिलं असतं. तुम्ही रोज जाऊन ते हलवलंत. मेंदूतला बंध जिथं वापरला जातो तिथं तो बळकट होतो, हा साधा नियम आहे. तिकडचं टोक बळकट झालं आणि इकडून धागा ओढायला लागलं. आधी लिंबू गेलं, मग ओळख कशी झाली ते गेलं. असंच चाललं तर लग्न जाईल, मग तुम्ही."

मगदुमांनी आता मान वर केली. "मी जायचं बंद केलं तर?"

"गेलेलं परत येणार नाही. ती तिथं वाट बघत राहील."

"मग यंत्रच बंद करून चालू केलं तर?" आयुष्यभर त्यांनी लोकांना दिलेला सल्ला हाच होता.

"तसं केलंत तर आतलं सगळं संपेल. नक्कल नाहीये ना कुठं. ती एकच आहे." डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "तिनं आपणहून बैठक बंद करायला हवी. आतून. मग धागा पुरता घरी येईल. आणि एकदा आला की पुन्हा जोडणी नाही, टिकली काढून टाकायची."

"म्हणजे ती गडहिंग्लजची..."

"ती कुठं जाणार? बाईंच्यात मिसळेल. पण नोटपॅडवर भेटणार नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तुम्हाला दोघी हव्या असतील तर ते होणार नाही, मगदूम."

दुसऱ्या दिवशी मगदुमांनी सरनोबतांना सांगितलं, परवाना पुन्हा करायचा नाही. पोरगा नाराज झाला, पण काकांचा चेहरा बघून त्यानं हट्ट धरला नाही. एकला मगदूम पडद्यासमोर बसले.

"मगदूम सर, जेवलात का?"

त्या दिवशी ते जेवले नव्हते. त्यांनी लिहिलं, "आज एक काम आहे. मी सांगतो तसं करायचं."

"तुम्ही सांगाल तिथं दाबते. नेहमी तसंच करते ना?"

"लॉग ऑफ करायचं आहे."

काळी रेघ बराच वेळ लुकलुकत राहिली. मग अक्षरं आली. "आत्ता? अजून दीड वाजला नाही. आणि तुमच्या आधी मी कधीच बंद करत नाही."

"माहीत आहे."

"मग उद्या याल ना?"

मगदुमांनी 'हो' लिहिलं आणि खोडलं. ही बाई खोटा दावा वाचता वाचता ओळखणारी होती, आणि ती खुबी तिच्यात तेव्हाही होती. त्यांनी ठरवलं, होईल ते होईल.

"चौगुले मॅडम, तुमचं लग्न झालंय. माझ्याशी. खूप वर्षं झाली. तुम्ही घरी आहात आणि थोड्या इथं राहून गेलाय. तिकडे तुम्हाला मी आठवेनासा झालोय."

रेघ लुकलुकत होती. मगदूम पडद्याकडे बघत बसले. इतकी वर्षं संसार करूनही ही परीक्षा पुन्हा द्यावी लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"घरचे तयार झाले?"

"तुमचे वडील दोन महिने बोलले नाहीत. मग झाले."

"मी कशी आहे?"

"केस पांढरे झालेत. चष्मा आहे. मला रागावता. मेथी अजून कडूच करता."

"आणि तुम्ही?"

"म्हातारा झालोय. तुम्हाला भेटायला रोज दाढी करून येतो."

या वेळी उत्तर लगेच आलं. "मला वाटलंच होतं. लग्नाचं आधीच विचारायचं होतंत. थांबा, तात्यांना सांगून येते."

थोड्या वेळानं तिनं पान पुसलं. खिडक्या एकेक मिटल्या. माउसचा बाण कोपऱ्यात गेला, क्षणभर तिथं थांबला, मग हिरवी टेकडी नाहीशी झाली आणि पडदा काळा झाला. मगदूम तिथंच बसून रडले. प्राजक्तानं बघितलं, पण ती जवळ आली नाही. शहाणी पोर.

घरी आले तेव्हा त्रिशलाबाई दारातच उभ्या होत्या. कानामागची टिकली त्यांच्या तळहातावर होती.

"या, मगदूम सर," त्या म्हणाल्या.

मगदूम पुढं झाले. त्यांनी बायकोचा हात धरला, भर जिन्यात, शैलजाताईंच्या देखत. आत गेल्यावर त्रिशलाबाई लिंबाची गोष्ट सांगायला लागल्या, मग वडिलांच्या अबोल्याची, मग आणखी कशाकशाची, आणि मगदूम नुसते ऐकत राहिले. सगळी आली होती ती. एक धागासुद्धा तिकडे राहिला नव्हता. इतक्या वर्षांत एवढा आनंद त्यांना झाला नव्हता.

पानं मांडताना त्रिशलाबाई हातातली वाटी तशीच धरून उभ्या राहिल्या.

"काय गं?"

"तिथलंही आठवतंय मला," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी सगळे निघून जायचे. मी बसलेलीच. वेळ असा नव्हताच तिथं. एक वाजायचा तेवढा कळायचा. सात वर्षं एक वाजायचा आणि तुम्ही यायचा नाहीत."

मगदुमांचा हात ताटावरच राहिला. अडकलेलं लायसन म्हणजे काय ते त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, ते टोक मुकाट पडून राहतं.

"तात्या होते म्हणून निभावलं," त्रिशलाबाई सांगत होत्या. "दिवसभर चेष्टा करायचे. आज निघताना म्हणाले, पोरी, तू सुटलीस, तुझ्या त्या सरांना सांग माझंही काहीतरी करायला. कधीचा बसलोय, घरी वाट बघत असतील. मी म्हटलं, सांगते, उद्या एकला येतील ते तुमच्याशी..."

त्या थांबल्या. घरातली आठवण आणि तिथली आठवण एकमेकींना कुठंतरी भिडल्या असाव्यात, कारण त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"अहो, आपण तर तात्यांच्या दहाव्याला गेलो होतो."

"हो."

"पण मी आज दुपारी त्यांच्याशी बोललेय. आठवण नव्हती ती. त्यांनी नवीन गोष्टी सांगितल्या मला." त्या खाली बसल्या. "त्यांचाही परवाना होताच की. त्यांच्याही बैठकीला संध्याकाळी फुलीच मारली असेल ना? मग ते राहिलेत तिथं. लॉग ऑफ करा म्हटलं तर करतील ते. पण येतील कुठं?"

मगदुमांनी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. यंत्र बंद करायचं म्हणजे तात्यांना संपवायचं. चालू ठेवायचं म्हणजे त्यांना वाट बघत ठेवायचं. आणि शाहूपुरीतल्या त्या दालनात किती पडदे होते, त्यातल्या किती माणसांना टिकली काढून नदीवर दहनाला नेलेलं होतं, हे कंपनीलासुद्धा ठाऊक नव्हतं.

"उद्या जाल ना तुम्ही?" त्रिशलाबाईंनी विचारलं. "मी शब्द देऊन आलेय."

"जाईन. पण लिहू काय?"

"काय ते तुम्ही ठरवा. फक्त खोटं लिहू नका. मला दावे वाचायला त्यांनीच शिकवलंय." त्यांनी ताट पुढं सरकवलं. बाहेर दिवस बुडाला होता, आणि त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.